रक्त अगोदर, दावे नंतर

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी साहेब,
पशुवैद्यकीय दवाखाना, करंजमाळ,
ता. वेल्हे, जि. पुणे.

अर्जदार : चिमाजी गेनू रेणुसे, वय ४८, धंदा शेती,
रा. खालची वाडी, मार्गासनीजवळ, ता. वेल्हे.

विषय : मयत कालवड 'बारशी' हिच्या दाखल्यावर रक्त घेतल्याची वेळ (सकाळी सव्वादहा) लिहून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला दाखला दि. १३/०१/२००७. २) पुण्याहून आलेला रक्ताचा रिपोर्ट दि. १७/०१/२००७. ३) माझा पहिला अर्ज दि. १८/०१/२००७. ४) ड्रेसर श्री. भिमा यांनी वेळोवेळी तोंडी सांगितलेले.

महोदय,

सविनय सादर करतो की,

१) मी वरील ठिकाणी राहत असून वाडीच्या भजनी मंडळात एकवीस वर्षे टाळ धरतो. कीर्तन कुठेही असो, एसटी मिळाली तर एसटीने, नाहीतर पायी, मी जातो. ही माझी चांगली सवय आहे असे मी आजवर समजत होतो. पत्नी वारून सहा वर्षे झाली. घरी मी, माझी आई बनाबाई (वय अंदाजे बहात्तर) व एक गावठी गाय. त्या गाईची कालवड गेल्या कार्तिकात बारशीला झाली म्हणून आईने तिचे नाव बारशी ठेवले. सत्तर दिवस जगली.

२) डिसेंबरअखेर वाडीत लाळ्या खुरकूत आली. मोठ्या जनावरांची तोंडे सुजली, खूर फुटले, आणि बरी झाली. बारशीच्या तोंडात दोनच फोड होते. आम्हाला वाटले, हिच्यावरचे थोडक्यात गेले. पण ती दूध पिता पिता थांबायची आणि तिचे पोट लोहाराच्या भात्यासारखे हलायचे. शुक्रवार दि. १२ जानेवारी रोजी सकाळी आपण मोटारसायकलवर आलात व तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिलात. काय ऐकू येते असे मी विचारले, तेव्हा आपण म्हणालात, "ठेका चुकतोय." मला ते लगेच समजले. मृदंगाचा ठेका चुकला तर टाळकऱ्याच्या हाताला तो आधी कळतो.

३) आपण समजावून सांगितले ते मला जसे आठवते तसे लिहितो. चुकले असल्यास दुरुस्त करावे. लाळ्याचा विषाणू लहान वासराच्या काळजाच्या मांसात उतरतो. मांस जखमी झाले की त्यातला एक अंश रक्तात झिरपतो, त्यास ट्रोपोनिन म्हणतात. निरोगी जनावराच्या रक्तात तो जवळजवळ नसतोच. माणसाच्या छातीत कळ आल्यावर मोठ्या दवाखान्यात हीच तपासणी करतात, आणि पुण्याच्या एक डॉक्टर मॅडम वासरांवर ती करून अभ्यास करत आहेत. आपण म्हणालात, "जनावर बोलत नाही, म्हणून रक्ताला विचारायचं." मग आपण मानेच्या शिरेतून रक्त काढले. त्या वेळी बारशीच्या गळ्यात काही नव्हते. आईने तिला धरले होते ते हाताने. एक हात हनुवटीखाली, एक पाठीवर. सुई टोचताना आई तिला म्हणाली, "झालं झालं, माझी बाय."

तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. माझ्याकडे घड्याळ नाही. तरी वेळ ठाम कशी सांगतो ते पुढील कलमात आहे.

४) सारोळ्याचे जलीलभाई यांचा दुधाचा टेम्पो रोज आमच्या फाट्यावर येतो. इतर दिवशी ते अकरा वाजले तरी चहा पीत बसतात. शुक्रवारी मात्र दूध उतरवून जुम्म्याची नमाज पुण्यात गाठायची असते, म्हणून साडेदहाच्या पुढे एक मिनिट थांबत नाहीत, कॅन राहिला तरी थांबत नाहीत. त्या दिवशी ते हॉर्न वाजवत ओरडले, "चिमाजीबुवा, रक्त काढताय का विहीर काढताय? माझी नमाज चुकली तर तुमच्या वासराला जाब विचारीन हां!" रक्ताची नळी बर्फाच्या थर्मासात घालून मी पळत नेऊन दिली. थर्मास मांडीवर घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या वालिदांचंबी हेच काढलं होतं. रिपोर्ट आला तवा म्हातारा बिस्कूट मागत होता. घाबरू नका." यावरून रक्त साडेदहाच्या आत निघाले होते हे सिद्ध होते.

५) थर्मास देऊन मी परत आलो तेव्हा आपण हात धूत होतात. आपण सांगितले की वासराला धावू द्यायचे नाही, गाईला लुचू द्यायचे नाही, दूध बाटलीने पाजायचे. दिवसभर कोणी जवळ बसावे, आणि जवळून उठायची वेळ आली तर बांधावे. "आखूड बांधा, पण सैल बांधा. ही धावली तर जाईल." मी मान डोलावली. कीर्तनात बसून बसून मान आपोआप डोलते.

६) त्या दिवशी आंबवड्याला सप्ताहातले कीर्तन होते. दुपारी चारच्या एसटीने मी गेलो. तोवर आई बारशीजवळ बसून होती. निघताना उंबऱ्यावर चपला घालत मी आईला म्हणालो, "आता आखूड बांध गं तिला." सैल बांध हे सांगायचे राहिले. आई काहीतरी विचारत होती. मी तोवर वाटेवरच्या आंब्यापर्यंत गेलो होतो.

आंबवड्याला कीर्तनकार बुवांनी जीवदयेवर निरूपण केले. ज्याला तोंड आहे त्याचे सगळे ऐकतात, ज्याला नाही त्याचे आधी ऐकावे, असे त्यांनी फार सुंदर सांगितले. माझ्या डोळ्यांना पाणी आले. हेही या अर्जात नमूद करतो.

७) शनिवारी पहिल्या गाडीने आलो. बारशी खुंट्याशी आडवी होती. दावे ताणलेले होते. आई शेजारी बसली होती. आपणास निरोप गेला, आपण आलात, व ओढ्याकाठी शव उघडून तपासले. काळीज हातावर घेऊन आपण मला जवळ बोलावले. त्याच्या मांसावर फिकट पिवळे पट्टे होते. आपण म्हणालात, वाघाच्या अंगावर असतात तसे हे पट्टे या रोगात पडतात, ही आज ना उद्या जाणारच होती. मानेवर दाव्याचा व्रण होता. तो शेवटच्या धडपडीचा, असे आपण म्हणालात.

दाखल्यावर तीन वाक्ये आहेत. 'मृत्यूचे कारण : हृदयक्रिया बंद पडणे. मानेवर दाव्याचा व्रण. मृत्यूसमयी जनावर बांधलेले होते.' तिन्ही खरी आहेत. माझी तक्रार नाही.

८) आपण बाहेरगावचे असल्याने आमच्या वाडीची एक जुनी रीत सांगणे भाग आहे. ज्याने बांधलेल्या दाव्याला गाय मरते त्याने तेच दावे आपल्या गळ्यात घालायचे आणि सव्वा महिना दारोदार भाकर मागायची. त्या मुदतीत माणसाची भाषा बोलायची नाही. हंबरायचे. चाळीस वर्षांत ही रीत कोणी पाळलेली नाही. तरण्या पोरांना ती ठाऊकसुद्धा नाही. आईला कोणी पाळ म्हणाले नाही.

बारशीला माती देऊन, हातपाय धुऊन मी घरात आलो. दावे आईच्या गळ्यात होते. मी "आई" म्हणालो. ती हंबरली.

९) आज सतरावा दिवस आहे. आई सकाळी निघते, वाडी करते, मार्गासनी करते, दुपारी परत येते. दारात उभी राहते आणि हंबरते. बायका भाकर घालतात आणि पाया पडतात. पहिले दोन दिवस पोरे हसली. आता हसत नाहीत. आमची शेजारीण साळूबाई व आई यांचे भाकरीच्या मिठावरून वीस वर्षांचे भांडण आहे. साळूबाईने मुद्दाम अळणी भाकर केली आणि ओट्यावर उभी राहून म्हणाली, "खावा आत्याबाई, आज तर मीठच घातलं न्हाई. काढा माझं आईबाप. एक शिवी तरी द्या!" आईने भाकर खाल्ली आणि हंबरली. साळूबाई आत जाऊन रडत बसली. त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नाही.

१०) दि. १७ रोजी पुण्याचा रिपोर्ट आला. निरोगी वासरात जो आकडा शून्य दशांश एकच्या आत असतो तो बारशीचा बारा दशांश चार आला. आपण त्याखाली लाल पेनने दोनदा रेघ ओढली आहे. म्हणजे काळीज अगोदरच फाटत होते, दाव्याचा त्यात हात नव्हता. मला वाटले सुटलो.

रिपोर्ट व दाखला घेऊन मी आमच्या मंडळाचे वीणेकरी सावळारामबुवा यांच्याकडे गेलो. आई या जगात ऐकते ती त्यांचेच. बुवांनी दोन्ही कागद माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतले. मग म्हणाले, "अरे चिमाजी, हृदय बंद पडलं म्हंजे काय? दाव्यानं मेली तरी हृदय बंदच पडतंय. ते काय मागं चालू ऱ्हातंय व्हय?" मी रिपोर्टवर बोट ठेवले. ते म्हणाले, "आकडा मला कळला. पण तारीख बारा हाय आन दावंबी बाराचंच हाय. आधी रक्त का आधी दावं, हे ह्यात कुठं लिवलंय?"

मी जलीलभाईंना घेऊन गेलो. त्यांनी देवळाच्या पायरीशी उभे राहून नमाजेचे सर्व सांगितले. बुवा ऐकून घेऊन म्हणाले, "नमाजेची येळ खोटी न्हाई. माझा इस्वास हाय. पर बनाबाईला म्या सांगीन ते खरं वाटतं, म्हणूनच तिला म्या बिनकागदाचं सांगायचा न्हाई. उद्या तिच्या मनात आलं की म्हातारा माझी कीव करून बोलला, तर ती दुसरं दावं घालंल, आन ते कुणालाच काढता यायचं न्हाई. ज्यानं सुई टोचली त्याच्या हातची येळ आण. म्या माझ्या हातानं सोडतो." त्यांचे म्हणणे मला बरोबर वाटले. आजही वाटते.

११) म्हणून दि. १८ चा अर्ज केला. आपण लसीकरणाच्या मोहिमेवर वरच्या खोऱ्यात असल्याने भेट झाली नाही. ड्रेसर भिमा यांनी दाखल्याचा कोरा नमुना काढून मला दाखवला. त्यात जनावराचा रंग, शिंगे, शेपटीचा गोंडा याला रकाने आहेत. वेळेला नाही. ते म्हणाले, "बुवा, येळ माणसाच्या मरणाला. जनावराला तारीख बक्कळ." शेऱ्याच्या रकान्यात बसेल का, असे मी विचारले. ते म्हणाले, तो 'मानेवर दाव्याचा व्रण' याने भरला. तरी त्यांनी मला तीन वेळा चहा पाजला व जुनी रजिस्टरे काढून कोणाच्या दाखल्यावर वेळ आहे का ते पाहिले. एका घोड्याच्या दाखल्यावर सापडली, पण तो घोडा लग्नाच्या वरातीत मेला होता व वेळ मुहूर्ताची होती. त्यांच्याकडून कसूर नाही.

पुण्याच्या मॅडमना मी एसटीडीवरून फोन केला. त्या बाईंनी नीट ऐकून घेतले. त्यांच्याकडे नळी आल्याची नोंद सोमवारची आहे, शनिवार-रविवार ती फ्रीजमध्ये होती. त्या म्हणाल्या, "काका, रक्त घेतल्याची वेळ ज्यांनी घेतलं त्यांनीच लिहायची." याप्रमाणे सर्व रस्ते आपणापाशी येतात.

दाखल्यावर जागा नाही ही अडचण असल्यास मी मोजून पाहिले आहे. शिक्क्याच्या खाली दोन बोटे जागा मोकळी आहे. 'रक्त सकाळी १०.१५ वा. घेतले, त्या वेळी जनावर मोकळे होते' हे वाक्य बारीक अक्षरात तिथे बसते. मी वहीत तेवढी चौकट आखून लिहून बघितले.

१२) मध्यंतरी घडलेले कळवतो. गुरुवार दि. २५ रोजी आई मार्गासनीच्या रस्त्यात खाली बसली. एक हात छातीवर होता. जलीलभाईंनी दुधाचे कॅन रस्त्यात उतरवून तिला टेम्पोत घातले व आम्ही तिला माणसांच्या डॉक्टरकडे नेले. त्यांनी विचारले, "आजी, कुठं दुखतं?" आई हंबरली. त्यांनी पुन्हा विचारले. ती पुन्हा हंबरली. केव्हापासून असे, असे मला विचारले. कालवड मेल्यापासून, असे मी सांगितले. त्यांनी पेनाला टोपण लावले. कागदावर 'रुग्ण सहकार्य करत नाही' असे आहे. पायाच्या सुजेवर गोळ्या दिल्या. गोळी कशाची आहे ते विचारता येत नाही म्हणून आई ती घेत नाही. गोळ्या कोनाड्यात आहेत.

परवा ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली असता मी तिच्या पाठीला कान लावला. मी डॉक्टर नाही. एकवीस वर्षे टाळ धरला आहे एवढेच. ठेका चुकतो आहे.

१३) म्हणून विनंती अशी की,

(अ) दाखल्यावर वरील जागेत रक्त घेतल्याची वेळ लिहून खाली आपली सही व्हावी.

(ब) पुण्याच्या मॅडमना शब्द टाकून तीच तपासणी माझ्या आईची होईल असे पाहावे. आपले खाते जनावरांचे आहे, हे मला माहीत आहे. परंतु माणसांच्या दवाखान्यात ती बोलत नाही म्हणून तपासत नाहीत, आणि आपण न बोलणाऱ्याच्या रक्ताला विचारता. थर्मास माझ्याकडे आहे. जलीलभाई शुक्रवार सोडून कोणत्याही दिवशी थांबायला तयार आहेत. ते म्हणतात शुक्रवारीही थांबतील.

(क) वेळ लिहिणे नियमात बसतच नसेल, तर 'मृत्यूसमयी जनावर बांधलेले होते' या वाक्यात 'बांधलेले' या शब्दाच्या आधी 'चिमाजी गेनू रेणुसे यांनी' एवढे शब्द घालावेत. हे खोटे नाही. बांध म्हणून मी सांगितले, तिने माझे ऐकले. सांगणारा करणाऱ्याच्या आधी, हे मी अनेक कीर्तनांत ऐकले आहे व प्रत्येक वेळी मान डोलावली आहे. सावळारामबुवांनाही मी हे सांगितले. ते बराच वेळ वीणेच्या तारा पुसत राहिले आणि म्हणाले, "कागदावर आलं तर दावं तुझ्या गळ्यात येतं. तुझी आई देईल का, ते म्या सांगू शकत न्हाई. पर मागता येईल."

तिचे झालेले सतरा दिवस मी माझ्या हिशेबात धरणार नाही. सव्वा महिना पहिल्यापासून करीन. टाळ खुंटीला आहेत. कीर्तनाला मी त्या दिवसापासून गेलेलो नाही. आंबवड्याच्या सप्ताहाचा काला झाला, त्याचा प्रसाद कोणीतरी आणून दिला, तो गाईला घातला. बोलण्याचे काम मला तसे फारसे नसते. आवाज मोठा आहे, टाळकऱ्यांत मागच्या रांगेत उभा राहिलो तरी पुढे ऐकू येतो. हंबरणे जमेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून काल गोठ्यात करून पाहिले. गाईने मान वर केली आणि कालवडीच्या रिकाम्या खुंट्याकडे पाहिले.

आपण मोहिमेवरून केव्हा परत येता ते भिमा यांना नक्की माहीत नाही. मी रोज दहा वाजता दवाखान्याच्या कट्ट्यावर बसतो. पेन माझ्याजवळ आहे. आपणास खुर्चीपर्यंतही जावे लागणार नाही, गाडीवर बसूनच लिहिता येईल.

आपल्या दोन ओळींची वाट पाहणारा,

चिमाजी गेनू रेणुसे
(सही)

दि. २९ जानेवारी २००७
ठिकाण : करंजमाळ, दवाखान्याचा कट्टा

सोबत :
१) दाखल्याची मूळ प्रत. शिक्क्याखालची मोकळी जागा पेन्सिलीने दाखवली आहे. पेन्सिल खोडता येईल.
२) रक्ताचा रिपोर्ट.
३) जलीलभाई, रा. सारोळे, यांचे नमाजेच्या वेळेबाबत लेखी निवेदन. सही करण्यापूर्वी त्यांनी हातपाय धुतले, याचा मी साक्षीदार आहे.
४) माणसांच्या डॉक्टरांचा कागद.
५) बर्फाचा थर्मास, एक. धुतलेला.
६) दावे. जोडलेले नाही. वापरात आहे.